अर्ध्या दिवसासाठी डोंगरातला तलाव: गाढेश्वर, उपवन की बारवी?

ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या कुटुंबाला सुटीचा पूर्ण दिवस मोकळा मिळणे अवघडच असते. घरची कामे आणि नातेवाइकांकडचे येणे-जाणे यांतून फार तर पाच-सहा तास हाती लागतात, आणि तेवढ्यात डोंगर व पाणी एकत्र पाहता येईल असे ठिकाण हवे असते. अशा वेळी तीन नावे हमखास पुढे येतात: पनवेलजवळचे गाढेश्वर, ठाण्यातील येऊरच्या पायथ्याचा उपवन तलाव आणि बदलापूरच्या पुढचे बारवी धरण. यांपैकी सर्वांत सुंदर कोणते, या प्रश्नाने निवड सुटत नाही. महिना कोणता आहे आणि हाती असलेला अर्धा दिवस सकाळचा आहे की दुपारनंतरचा, हे आधी पाहिले तर निवड बरीच सोपी होते, असे माझे मत आहे.

दरीतला तलाव हीच अपेक्षा असेल, तर तिला खऱ्या अर्थाने उतरणारे ठिकाण गाढेश्वर हेच आहे. पनवेलहून सुकापूर, नेरे, वाजे असा रस्ता धरला की वस्ती हळूहळू विरळ होत जाते आणि पूर्वेला माथेरानचे पठार, दक्षिणेकडे प्रबळगड व त्याला लागून उभा असलेला कलावंतीण सुळका, तर उत्तरेच्या अंगाला चंदेरीची रांग अशी तिन्ही बाजूंनी डोंगरांची भिंत उभी राहते. माथेरानच्या डोंगरात उगम पावून पुढे पनवेलच्या खाडीला मिळणारी गाढी नदी येथे मातीच्या धरणाने अडवलेली आहे. या धरणाला देहरंग असेही म्हणतात आणि पनवेल शहराला त्यातून पाणीपुरवठा होतो. पुढे धोदाणीपर्यंत गेल्यास रस्ता थेट माथेरानच्या सनसेट पॉइंटखालच्या कड्याशी जाऊन थांबतो, आणि सह्याद्रीच्या बेसाल्टचे एकावर एक बसलेले थर तिथून अगदी स्पष्ट दिसतात: उभा काळा कातळ, त्याखाली झाडीची उतरती पट्टी, पुन्हा कातळ.

कडा तलावाच्या पूर्वेला असल्याने सूर्य उगवल्यानंतरही काही काळ तो सावलीतच राहतो, आणि सकाळभर उजेड त्याच्या मागून येत असल्यामुळे डोंगर नुसत्या काळसर आकृतीसारखे दिसतात. दुपारी तीननंतर मात्र पश्चिमेचे ऊन सरळ कातळावर पडते, एकेक घळ आणि एकेक थर वेगळा दिसू लागतो, आणि वारा पडलेला असेल तर तेच सारे पाण्यातही उतरते. पाहण्यासाठी जायचे असेल तर गाढेश्वरला दुपारनंतरच जावे; चालण्यासाठी किंवा पक्ष्यांसाठी जायचे असेल तर सकाळ बरी.

येथे वाहनाचा प्रश्न आड येतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाने पनवेलला पोचायला सुमारे एक तास लागतो. नेरूळ किंवा बेलापूरकरांना त्याच्या निम्माही लागत नाही. स्थानकापासून पुढचा प्रवास रिक्षाने किंवा धोदाणीकडे जाणाऱ्या बसने करावा लागतो. बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि संध्याकाळी परतीची बस चुकली तर वाजे-नेऱ्यापर्यंत चालत येण्याची पाळी येऊ शकते. म्हणून स्वतःचे वाहन असलेल्यांनी दुपार निवडावी, बसने जाणाऱ्यांनी सकाळ निवडावी, आणि रिक्षाने जाणाऱ्यांनी परतीची वेळ चालकाशी आधीच ठरवून ठेवावी. ठाण्याहून गाडीने निघणाऱ्यांनी मुंब्रा बायपास आणि शिळफाट्यावरची अवजड वाहनांची कोंडी हिशेबात धरली नाही, तर सहा तासांपैकी तलावाकाठी जेमतेम दोन तास उरतात.

महिन्याचा विचार तर त्याहून महत्त्वाचा आहे. देहरंग हे लहान धरण आहे, गाळाने त्याची साठवण आणखी घटलेली आहे, आणि पनवेलला उन्हाळ्यात जी पाणीटंचाई सोसावी लागते तिचे चित्र या तलावातच पाहायला मिळते: एप्रिलच्या अखेरीपासून पाणी मागे हटत जाते आणि काठाजवळ भेगाळलेला गाळ उघडा पडतो. मे महिन्यात लहान मुलांना ‘तलाव दाखवायला’ म्हणून तेथे नेणे योग्य ठरणार नाही. ऑक्टोबर ते जानेवारी हा सर्वांत चांगला काळ, कारण पाणी भरलेले असते, डोंगर अजून हिरवे असतात आणि ऊन सोसवते.

पावसाळ्यात हा परिसर सर्वाधिक देखणा असतो आणि सर्वाधिक धोकादायकही, म्हणून याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पनवेलमध्ये पाऊस उघडलेला असतानाही माथेरानच्या माथ्यावर तो कोसळत असू शकतो, आणि ते पाणी थोड्याच वेळात ओढ्यांतून खाली येते. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला लोंढा येताना दिसतो तेव्हा काठ गाठायला वेळ उरलेला नसतो. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच प्रवाह अचानक वाढल्यामुळे. शिवाय धरणाच्या सांडव्यावर शेवाळ धरलेले असते आणि तलावाच्या तळाशी नदीचे जुने पात्र व गाळ असल्याने दोन पावलांत खोली बदलते, त्यामुळे चांगले पोहणारेही येथे फसतात. प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी मनाई आदेश काढते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. आदेश लागू असेल तर जाऊच नये. वाटेत पोलीस परत पाठवतात, आणि ते करतात ते योग्यच आहे.

मनाई नसेल तेव्हा, पावसाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत, वाजे-नेऱ्याच्या रस्त्यावर ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसतात. शेवळांच्या जुड्या, आणि शेजारच्या पाटीत काकडे नावाची हिरवी आंबट रानफळे. शेवळांची खाज मारण्यासाठी ती भाजीत लागतातच, म्हणून दोन्ही बरोबरच घ्यावीत. ही खरेदी करून मागे वळले तरी फेरी सार्थकी लागते.

उपवनची गोष्ट निराळी आहे. ठाणे स्थानकाहून टीएमटीच्या बसने अर्ध्या तासाच्या आसपास पोचता येते, वाशीहून येणाऱ्याला त्यात लोकलचा अर्धा तास मिळवावा लागतो. काठ बांधलेला आहे, बसायला जागा आहे, आणि गुडघे दुखणारे आजी-आजोबाही तेथे निर्धास्त फिरू शकतात. पण दरीचा भास येथे एकाच बाजूला मिळतो. तीन बाजूंना शहर आहे आणि रविवारी संध्याकाळी त्या शहराची सारी गर्दी काठावर असते. येऊरचा डोंगर पश्चिमेला असल्याने येथले गणित गाढेश्वरच्या बरोबर उलटे होते: सकाळचे ऊन डोंगरावर समोरून पडते, तर संध्याकाळी सूर्य वेळेआधीच डोंगराआड जातो. म्हणून उपवनला सकाळीच जावे, सातपर्यंत पोचावे, आणि तलावाला एक फेरी मारून येऊरचा चढ धरावा.

येऊर हा सुमारे 103 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनखात्याच्या फाटकातून पुढे गेले की पाटोणपाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे लागतात, आणि दहा मिनिटांपूर्वी आपण पोखरण रस्त्यावर होतो हे खरे वाटत नाही. तेथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधार पडण्याआधी परतावे, मुलांना पुढे एकटे सोडू नये आणि मोठ्याने गाणी लावू नयेत. तलाव आणि हे जंगल मिळून उपवनचा अर्धा दिवस होतो. नुसत्या तलावाला तास-दीड तास पुरतो. परतताना तहसील कार्यालयाजवळची मामलेदारची मिसळ खाण्याइतका वेळही उरतो.

बारवीबद्दल थोडक्यात सांगता येईल. हे एमआयडीसीचे धरण तिघांतले सर्वांत मोठे आहे आणि बदलापूरहून तेथे जाणारा जंगलाचा रस्ता फार चांगला आहे, पण धरण परिसरात मुक्त प्रवेश नाही, त्यामुळे पाण्याजवळ बसण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होते. पातळी 72.60 मीटरला पोचली की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. त्यामुळे पावसाळ्यात धरणाखालच्या नदीपात्रात उतरणे जिवावर बेतू शकते. बदलापूर-अंबरनाथकरांसाठी हा पर्याय ठीक आहे, ठाणेकरांसाठी दुसऱ्या क्रमांकाचा, आणि नवी मुंबईकरांनी एवढा वळसा घालण्याचे कारण नाही. नवी मुंबईला पाणी देणारे मोरबे धरणही सहलीच्या यादीत धरू नये, कारण तेथे परवानगीशिवाय जाता येत नाही. पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींत साचलेली हिरवी तळी उभ्या कातळांमुळे छायाचित्रांत फार आकर्षक दिसतात, पण काठ ढासळता, उतार सरळ आणि खोली अज्ञात, अशा पाण्याजवळ मुलांना नेण्याचा विचारही करू नये.

तेव्हा हिवाळ्यातली दुपार आणि स्वतःचे वाहन असेल तर ठाणेकरांनीही लांबचा पल्ला पत्करून गाढेश्वरलाच जावे. सकाळ असेल, बरोबर वयस्कर माणसे असतील किंवा बारा वाजता घरी परतायचे असेल, तर नवी मुंबईकरांनीसुद्धा ठाण्याची लोकल पकडून उपवन गाठावे. मे महिन्यातही उपवन-येऊरची सकाळच निवडावी. जुलै-ऑगस्टमध्ये मनाई लागू असताना पाऊस पाहायचाच असेल, तर उपवनच्या काठावर छत्री घेऊन उभे राहावे आणि ढग येऊरवर उतरताना पाहावेत; ओढ्यात मात्र तेथेही उतरू नये.