काउंटी क्लेअरमधलं बाहेरचं खाणं: चौदा महिन्यांनंतर

आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरमध्ये शॅननला नोकरी लागली म्हणून जवळच्या एनिसमध्ये भाड्याने घर घेतलं त्याला आता चौदा महिने झाले. मी रत्नागिरीचा, मासे म्हटलं की जीव टाकणारा, आणि बायको पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू दोन्ही बाजूंनी आहे असं समजा.

पहिली गोष्ट, इथे काय खायचं यापेक्षा किती वाजता खायचं हे आधी बघा. गेल्या फेब्रुवारीत लाहिंचहून परत येताना आठ चाळीसला एका गावातल्या पबमध्ये शिरलो, आत शेकोटी पेटलेली, माणसं गप्पा मारतायत, मस्त वातावरण, आणि बारवाला म्हणाला किचन साडेआठला बंद झालं. दहा मिनिटं! नाव घेत नाही कारण पुढचं ऐका. आमची तोंडं बघून तो आत गेला, पांढऱ्या ब्रेडला जाड बटर फासून त्यात टायटो कंपनीच्या चीज अँड अनियन क्रिस्प्सचं, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सचं, अख्खं पाकीट ओतलं, वरून तळहाताने दाबलं, कर्रर्र आवाज झाला आणि चार तुकडे करून पुढे ठेवले. क्रिस्प्सचं सँडविच! पैसे घेतले फक्त पाकिटाचे. चीज अँड अनियन हा फ्लेवरच मुळी टायटोवाल्यांनी १९५४ मध्ये डब्लिनला काढला हेही त्यानेच सांगितलं. बायको आजही म्हणते की क्लेअरमधलं तिचं सगळ्यात बेस्ट जेवण तेच.

तेव्हापासून आम्ही निघायच्या आधी फोन करतो. गूगलवरच्या वेळा पबच्या असतात, किचनच्या नाही. आणि नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची बरीच ठिकाणं सरळ कुलूप लावतात किंवा फक्त शुक्रवार ते रविवार उघडतात. जूनमध्ये डूलिनला जिथे टेबलासाठी तासभर ताटकळलो तिथेच जानेवारीत गेलो तर रस्त्यावर एक कुत्रा आणि आम्ही.

आता मुद्द्याचं, म्हणजे चाउडर. सीफूड चाउडर म्हणजे दुधा-सायीतलं माशाचं घट्ट सूप, त्यात सॅमन, स्मोक्ड हॅडॉक, शिंपले, बटाटा, आणि बाजूला ब्राउन सोडा ब्रेड. पहिल्यांदा माशात दूध बघून मी हबकलोच, आमच्या आईला सांगितलं तर ती फोनवर गप्पच झाली. पण बाहेर आडवा पाऊस लागलेला असताना हे प्यायलात की कळतं. मला बहुतेक ठिकाणी दहा-बारा युरोला मिळालं आणि पोट भरतं. माझी परीक्षा सोपी आहे: ब्रेड घरचा आहे का बघायचं. ब्रेड गरम आणि भुसभुशीत असेल तर चाउडरही चांगलं निघतं, अजून तरी एकदाही फसलो नाही.

न्यू की गावाच्या धक्क्यावर लिनेन्स लॉब्स्टर बार आहे तिथे कच्ची कालवं खाल्ली. आमच्याकडे कालवं म्हणजे खोबऱ्याच्या वाटणात, कच्ची कोण खातंय. लिंबू पिळून डोळे मिटून गिळलं तर नुसती समुद्राची चव, दुसरं मात्र डोळे उघडे ठेवून खाल्लं. उन्हाळ्यात किलकीला समुद्रकाठी उकडलेल्या छोट्या समुद्री गोगलगायी पुडीत देतात, सोबत टाचणी. टाचणीने ओढून काढायच्या. अर्ध्या तासात पोट भरत नाही पण वेळ झकास जातो.

रविवारी दुपारी कार्व्हरी. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, समोर शेफ बीफ नाहीतर टर्की कापून देतो, मग मॅश केलेला बटाटा, वर भाजलेला बटाटा, गाजर, ग्रेव्ही. काही पबात तर लझानियाबरोबर चिप्स मिळतात. एवढा बटाटा बघून बायको म्हणाली इथे रोज उपासच की!

शाकाहारी लोकांनो, नीट वाचा. मेनूत पदार्थापुढे आकडे असतात, ते १४ ऍलर्जन्सचे, म्हणजे ऍलर्जी होऊ शकते अशा घटकांचे. त्यात सेलरी कळते, मोहरी कळते, तीळ कळतात, पण व्हेजिटेबल सूपमध्ये चिकन स्टॉक घातलाय हे त्या आकड्यांवरून कळत नाही. आम्ही दोन महिने बिनधास्त सूप पीत होतो आणि मग वाढणाऱ्या एका मुलीने सहज सांगितलं. बायको त्या दिवशी काही बोलली नाही, घरी येऊन वरणभात लावला. तर विचारा, तोंडाने विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही, आत जाऊन खरंच बघून येतात. हक्काचा पर्याय म्हणजे शेळीचं चीज आणि बीट. सेंट टोला हे चीज इथलंच, इनाघजवळचं, आणि खरंच छान आहे, पण दहाव्यांदा तेच आलं की माणूस हात जोडतो.

इंडियन रेस्टॉरंटबद्दल काय बोलणार. सगळं गोड आणि केशरी. ‘इंडियन हॉट’, म्हणजे आपल्यासारखं तिखट, म्हणून सांगितलं तर जरा बरं येतं. करीसोबत ‘हाफ अँड हाफ’ मागितलं तर अर्धा भात अर्ध्या चिप्स, ऑफिसातले सगळे तेच घेतात, मीही आता घेतो, लाज सोडली.

खर्च? दोघांचं रात्रीचं साधं जेवण साठ-सत्तर युरोच्या खाली क्वचितच. पबवाले सांगतात की सप्टेंबर २०२३ मध्ये जेवणावरचा व्हॅट ९ वरून १३.५ टक्के झाला तेव्हापासून जास्तच ओढाताण आहे. म्हणून आम्ही दुपारीच बाहेर खातो. एकटा असलो तर पेट्रोल पंपावरच्या डेलीतला, म्हणजे तयार खाण्याच्या काउंटरवरचा, चिकन फिलेट रोल, पाच-सहा युरो, हात चिकट, गाडीच्या सीटवर चुरा. बायकोला तो वास सहन होत नाही म्हणून खिडक्या उघड्या ठेवून घरी येतो, आणि या काउंटीत खिडक्या उघड्या म्हणजे पाऊस आत.