लिंडलार की पी-२ निकेल?

हायड्रोजन जोडून ट्रिपल बाँड (अल्काइन) सिस डबल बाँडपर्यंत (अल्कीन, ज्यात दोन्ही गट एकाच बाजूला असतात) आणण्याचं काम लिंडलार आणि पी-२ निकेल हे दोन्ही कॅटॅलिस्ट करतात. तिथे थांबण्याबाबत मात्र दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

हर्बर्ट लिंडलार यांनी बाझेलच्या रोश कंपनीत असताना १९५२ मध्ये मांडलेली युक्ती आजही चालते. कॅल्शियम कार्बोनेटवरचं पॅलॅडियम शिशाने मुद्दाम दुबळं करायचं, वर थोडं क्विनोलीन घालायचं. बाटलीतून काढलं, तोललं, हायड्रोजनचा फुगा लावला की झालं. हेक्झेन असो वा इथाइल ॲसिटेट, त्याची कुरकुर नसते.

मला दमवलं ते त्या बाटलीनेच. ३-हेक्साइन-१-ऑलपासून सिस-३-हेक्सेनॉल करत होतो. ताज्या कापलेल्या गवताचा वास ज्याचा, ते. जुन्या बाटलीने दोन तास घेतले. नवी उघडली, वजन तेच, क्विनोलीन तेवढंच, आणि मी जेवून येईपर्यंत माल पुढे सरकून बराचसा हेक्झानॉल झाला होता, म्हणजे डबल बाँडही गेलेला. टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची झटपट चाचणी) स्पॉट एकमेकांवर बसलेले, कळलं ते जीसीवर (वाफेच्या रूपात पदार्थ वेगळे करणारं यंत्र). हेक्झानॉल उकळतं १५७ अंशांना आणि आपलं हेक्सेनॉलही जवळपास तिथेच. डिस्टिलेशनची वाटच बंद.

कारण उघड आहे. अल्काइन पृष्ठभागाला घट्ट चिकटतं, म्हणून ते असेपर्यंत अल्कीनला जागा मिळत नाही. ते संपलं की अल्कीनची पाळी. शिसं आणि क्विनोलीन ही पाळी लांबवतात, पण किती, ते बाटलीगणिक बदलतं.

पी-२ निकेल दर वेळी ताजं करावं लागतं: इथेनॉलमध्ये निकेल ॲसिटेट, त्यात सोडियम बोरोहायड्राइड. हिरवं द्रावण क्षणात काळं होतं. हेच पाण्यात केलं तर पी-१ मिळतं, ते जास्त तापट. ब्राउन आणि आहुजा यांनी १९७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे एथिलीनडायअमिन घातलं की सिसची निवड आणखी नेमकी होते. कटकट आहेच: अमाइनची वाफ, विषारी निकेल, हूडमधून (वाफा ओढून घेणारं कपाट) हात बाहेर काढायची सोय नाही. पण लगाम माझ्या हातात राहतो. माझ्या अनुभवात तरी सोमवारचा आणि शुक्रवारचा घाणा सारखा उतरला, म्हणून मी हल्ली तिकडेच वळतो.

तुमचं संयुग इथेनॉलमध्ये विरघळत नसेल, किंवा अमाइनने बिघडणारं असेल, तर लिंडलारच घ्या. फक्त नवी बाटली उघडली की आधी पन्नास मिलिग्रॅमवर चालवून बघा, आणि दर दहा मिनिटांनी जीसीला नमुना द्या.