हाफ-सेल मीटर: मशीन चांगलं, टोपण भिकार

हाफ-सेल मीटर म्हणजे काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून आतली सळई आणि तो इलेक्ट्रोड यांच्यातलं व्होल्टेज (पोटेन्शियल) मोजणारं आणि त्यावरून गंजाचा अंदाज देणारं मशीन. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, ते उगाळत नाही. खाऱ्या हवेतल्या कॉलम-बीमवर बरेच महिने वापरून झालंय, लिहायला बसलो कारण सर्व्हिसवाल्यांशी वाजलं, आणि तेही कशावरून तर इलेक्ट्रोडच्या टोपणावरून.

इलेक्ट्रोड म्हणजे कॉपर सल्फेटच्या द्रावणाची नळी; तिच्या टोकाचा, काँक्रीटला टेकणारा सच्छिद्र प्लग कायम ओला राहायला हवा आणि ह्यांचं टोपण धड बसतच नाही. रात्रभर बॅगेत राहिलं की प्लग सुकतो, त्यावर निळे खडे धरतात, बॅगेचं अस्तर निळं, बोटं निळी, आणि सकाळी एकाच जागी दोनदा टेकवलं तर दोन वेगळे आकडे. सर्व्हिसवाले म्हणे कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही, अख्खा प्रोब बदला. अरे, चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलू का? शेवटी एक रबरी बूच कापून बसवलं, फुकटात, आणि ते ह्यांच्या टोपणापेक्षा घट्ट बसतं.

आणि ह्या तपासणीला 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह', म्हणजे तोडफोड न करणारी, म्हणतात ते जरा जपूनच घ्या. मीटरची वायर सळईला जोडायला कुठेतरी वरचं काँक्रीट फोडून सळई उघडी करावीच लागते. सळई गंजवणारं, मिठातलं क्लोराइड काँक्रीटमध्ये किती आहे हेही हे सांगत नाही, त्यासाठी ड्रिल मारून पावडर लॅबला द्या.

खरं तर दोनच स्टार देणार होतो. पाण्यात बुडणाऱ्या भागात आकडे -350 मिलिव्होल्टच्या कितीतरी खाली, एएसटीएम सी 876 ह्या अमेरिकन मानकाप्रमाणे गंज असण्याची शक्यता 90% च्या वर, स्क्रीन लालभडक, आणि फोडून बघितलं तर सळई स्वच्छ! पण तो मशीनचा दोष नाही. पाणी प्यायलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे पोटेन्शियल खाली जातं पण गंज पुढे सरकत नाही. उलट एका बीमवर -270 होतं, म्हणजे -200 ते -350 च्या 'सांगता येत नाही' पट्ट्यात, आणि हातभर पलीकडे -110. एवढी उडी बघून फोडलं तर सळईला खड्डे पडलेले, बाहेरून मात्र एक तडा नाही. तेव्हापासून रंग बघत नाही, शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक बघतो, आणि तिथे हे मशीन पैसे वसूल करून देतं.

तर चार स्टार. टोपणाला कंटाळून सिल्व्हर क्लोराइडवाला इलेक्ट्रोड घेणार असाल तर घ्या, पण सॅच्युरेटेड केसीएलवाल्यात (पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण) हीच -350 ची रेषा साधारण -230 ला येते, कॉपर सल्फेटवाल्याने काढलेल्या आकड्यांच्या जुन्या नकाशाशी सरळ ताडू नका.