जुना मॅनेजर की नवा गडी?

आमच्या आवडत्या फुटबॉल क्लबच्या जुन्या मॅनेजरनं, म्हणजे मुख्य प्रशिक्षकानं, परत यायला नकार दिला आणि परभणीतल्या आमच्या टपरीवर दोन तट पडले. धाकट्या भावाला कळेना, हळहळावं की सुटलो म्हणावं.

लगेच फळ पाहिजे तर जुना बरा, खेळाडूंना ओळखतो. मोरिन्हो २०१३ ला इंग्लंडच्या चेल्सी क्लबात मॅनेजर म्हणून परतला, २०१५ ला तिथली सगळ्यात वरची लीग जिंकली. टिकण्याचं मात्र लई अवघड: त्याच वर्षी डिसेंबरात त्याला नारळ! इंग्लंडच्याच लिव्हरपूलनं परत आणलेल्या डाल्ग्लिशला २०१२ ला लीग कप (लीगपेक्षा वेगळी, बाद फेरीची स्पर्धा) जिंकूनही घरी बसवलं. अँचेलोत्तीनं स्पेनच्या रियाल माद्रिदला परतून २०२२ आणि २०२४ ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आणली खरी, पण तसे खेळाडू आहेत कुणाकडं?

नव्याला वेळ लागतो. तरी लिव्हरपूलात क्लॉप गेल्यावर आलेल्या नव्या मॅनेजर स्लॉटनं पहिल्याच हंगामात लीग जिंकली.

संघ तयार असून घडी विस्कटली असेल तर जुना. पायापासून बांधायचं असेल तर नवा, अन् त्याला दोन हंगाम तरी द्या.