नळी ५० वर्षं टिकेल, बाकीचं काय?

जर्मनीत जुनं घर घेऊन ते नव्याने करणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे जमिनीखालची हीटिंग बसणार असेल, तर वरचा कोबा पडायच्या आत हे वाचा. आमच्याकडे कोबा पडून तीन हिवाळे गेल्यावर मला हे कळलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही स्टुटगार्टजवळ १९७० च्या दशकातलं एक घर घेतलं. तळमजल्याची जमीन उखडायचीच होती, म्हणून तिथल्या १०० चौरस मीटरमध्ये गरम पाण्याच्या नळ्या टाकायचं ठरवलं. ओळखीतून कंत्राटदार मिळाला. गोड बोलणारा, दिलेली वेळ पाळणारा. आई तेव्हा कोल्हापूरहून आली होती. नळ्यांची भेंडोळी बघून ती म्हणाली, "अरे, रोज कढत पाणी जाणार यातनं. प्लास्टिक किती दिवस टिकायचं?" मी तिचा प्रश्न त्याला सांगितला. "५० वर्षं," तो म्हणाला, "लेखी देतो."

दिलंही. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: पीई-एक्सए नळी, ऑक्सिजनरोधक, डीआयएन ४७२६ प्रमाणे. पीई-एक्सए हा प्लास्टिकचा प्रकार, आणि डीआयएन ४७२६ हे अशा नळ्यांसाठीचं जर्मन मानक.

५० वर्षांचा आकडा खरा आहे, म्हणूनच तो इतका पटतो. या कामाच्या नळीचं आयुष्य धरताना अडीच वर्षं २० अंशांवर, २० वर्षं ४० वर, २५ वर्षं ६० वर आणि अडीच वर्षं ७० अंशांवर, असा ५० वर्षांचा हिशेब करतात. चांगली नळी तेवढं सोसते. पण हा हिशेब फक्त नळी फुटण्याचा आहे. प्लास्टिकच्या भिंतीतून पाण्याचा थेंब बाहेर आला नाही तरी हवेतला ऑक्सिजन आत झिरपत राहतो आणि लोखंड खातो. पंप, बॉयलर, बाथरूममधला रेडिएटर, तळघरातले पोलादी पाइप, सगळं. तो अडवायला नळीत ईव्हीओएच नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचा पातळसा थर द्यावा लागतो. डीआयएन ४७२६ प्रमाणे ४० अंशांवर नळीच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला ०.३२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन आत जाता कामा नये. आमच्या जमिनीत जवळजवळ ७०० मीटर नळी पुरली आहे.

पहिले दोन हिवाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी मुलांची खोली गार पडू लागली. मग हॉल. भिंतीतल्या ज्या पेटीतून खोल्याखोल्यांचे फेरे फुटतात, तिथे प्रत्येक फेऱ्याला पाणी किती वाहतंय ते दाखवणारी काचेची छोटी नळकांडी असते. आठही काचा काळ्या झालेल्या, आतला लाल काटा दिसेना. डिसेंबरात पंपच अडकला.

कंत्राटदार फोन उचलेना, म्हणून दुसरा प्लंबर बोलावला. वयस्कर, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने काचेच्या बरणीत पाणी काढलं, ते शाईसारखं काळं. बरणीला बाहेरून लोहचुंबक लावला. दोन मिनिटांत सगळा गाळ त्या बाजूला येऊन काचेला चिकटला. आमचंच लोखंड होतं ते, गंजून भुकटी झालेलं. मग त्याने पेटीत बॅटरी मारली, नळीवरचं खोबणीदार कव्हर वर सरकवलं आणि मला वाकून वाचायला सांगितलं. नळीवर मीटरामीटराला छापील ओळ असते. आमच्या नळीवर होतं: पीई-आरटी (प्लास्टिकचा दुसरा प्रकार), १६ × २ (व्यास आणि भिंतीची जाडी, मिलिमीटरमध्ये) आणि एक तारीख. डीआयएन ४७२६ कुठेच नाही. पीई-आरटी वाईट असते असं नाही, ऑक्सिजनचा थर असलेली तीही मिळते. आमच्या नळीत थर नव्हता आणि पैसे आम्ही थर असलेल्या पीई-एक्सएचे मोजले होते.

पुरावा आईने दिला. कोबा पडायच्या आदल्या दिवशी तिने घरच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढले होते. त्यातला एक मोठा करून पाहिला, तर तीच ओळ प्रत्येक खोलीत. आणखीही एक दिसलं: पेटीवर दाबमापकच नाही. कोबा टाकण्याआधी नळ्यांवर ४ ते ६ बार दाब देऊन चाचणी करतात आणि कोबा पडेपर्यंत दाब तसाच ठेवतात, म्हणजे कुठे नळी दुखावली तर लगेच कळतं. "चाचणी केली" असं तो तोंडीच म्हणाला होता. आम्ही कागद मागितला नाही.

सगळा पुरावा घेऊन वकिलाकडे गेलो. बांधकामावर कायद्याने पाच वर्षांची हमी असते, आमची जेमतेम साडेतीन झालेली. वकिलाने पहिलाच प्रश्न केला: पैसे कसे दिले?

हे लिहायला जड जातंय. त्याने सुचवलं होतं की मजुरी रोखीत, बिलाशिवाय दिली तर १९ टक्के व्हॅट वाचेल. "इथे सगळे असंच करतात." आम्ही दिली. वकिलाने शांतपणे सांगितलं की करार असा कर चुकवून केलेला असेल तर मालकाला हमीचा दावाच उरत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्येच ठरवलंय. तो गोड सल्ला सवलत नव्हताच. बिल न देऊन त्याने स्वतःची सुटका आधीच करून ठेवली होती, आणि ती आमच्याच सहीने, आमच्याच पैशांनी.

कोबा फोडून नळ्या बदलणं परवडण्यासारखं नव्हतं. नळ्या धुऊन घेतल्या. बॉयलरचं पाणी आणि जमिनीतलं पाणी आता वेगळं केलंय, मध्ये पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारा स्टेनलेस स्टीलचा हीट एक्स्चेंजर, आणि जमिनीच्या बाजूचा पंप न गंजणारा. यालाच जवळजवळ ५,००० युरो लागले.

तुमच्याकडे नळ्या अजून उघड्या असतील तर आज संध्याकाळी गुडघ्यावर बसा आणि एकेका फेऱ्यावरची ओळ स्वतः वाचा. कोटेशन शेजारी ठेवून फोटो काढा, दाबमापकाचाही काढा. चाचणीचा सही केलेला कागद हातात आल्याशिवाय कोब्याची गाडी फाटकाच्या आत घेऊ नका. आणि पैसे बँकेतून, बिलावर, पूर्ण व्हॅटसकट द्या.