जुना लाकडी डेक: डागडुजी, नवा साग की कंपोझिट?

सप्टेंबर संपत आला की ठाणे-नवी मुंबईत डेकची रडकथा सुरू होते. चार महिने भिजलेल्या फळ्यांवर शेवाळ असतं, दोन-तीन फळ्या पायाखाली दबतात, एखाद्या स्क्रूने डोकं वर काढलेलं असतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "उखडून टाका सगळं आणि डब्ल्यूपीसी लावून मोकळे व्हा." वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, तेव्हा लाकूड थकलं तर नवल नाही. पण डेक बदलायची वेळ आली आहे का, हा एक प्रश्न. आणि बदलायचाच तर कंपोझिट, म्हणजे लाकूड-प्लॅस्टिकची हीच डब्ल्यूपीसी फळी का, हा दुसरा. दुकानात गेलं की दोन्हींचं एकच उत्तर मिळतं, म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा.

सध्या माझ्यासमोर दोन डेक आहेत. एक मेहुण्याचा, घोडबंदर रोडला कासारवडवलीत, फ्लॅटला लागून असलेल्या टेरेसवर. वर पाइनच्या फळ्या, खाली लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा. दुसरा मावशीचा, बेलापूरच्या रो-हाउसच्या मागल्या अंगणात. फळ्या सागाच्या, खालचे बत्तेही, म्हणजे फळ्यांना आधार देणारी आडवी लाकडंही, सागाचेच, विटांच्या ठोकळ्यांवर टेकवलेले. वरून पाहिलं तर मावशीचा डेक पार म्हातारा वाटतो, राखाडी आणि भेगाळलेला. मेहुणा दरवर्षी पॉलिश मारतो, त्यामुळे त्याचा अजून तांबूस दिसतो. तरी माझं मत असं की मेहुण्याचा काढावा आणि मावशीचा ठेवावा.

आधी पेचकस, मग कॅटलॉग

लाकूड राखाडी पडणं हा रोग नाही. उन्हाने वरचा पातळ थर फिकट होतो, एवढंच. लांबीच्या दिशेने गेलेल्या केसाएवढ्या भेगाही चालतात. कुजण्याची सुरुवात पाणी थांबतं तिथे होते: फळीच्या दोन्ही टोकांना, स्क्रूभोवती आणि फळी बत्त्यावर टेकते त्या पट्टीत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. पावसाळ्यात तो सगळीकडेच असतो. पाऊस थांबल्यावर कुठली फळी सुकते आणि कुठली ओलीच राहते, यात खरी मेख आहे. म्हणून तपासणी मे महिन्यात करू नका, पाऊस गेल्या गेल्या करा.

पेचकस घ्या आणि या तीन जागांवर दाबून बघा. चांगल्या सागात त्याचं टोक जेमतेम खूण करतं. मावशीकडे सगळीकडे तसंच झालं, फक्त तुळशीखालची फळी निघाली वेगळी. तिथे पेचकस अर्धा इंच सरळ आत गेला आणि लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं सुटून आलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी, कुंडीखाली वारा नाही, मग काय होणार! "अरे, तुळशीला पाणी घालायचं म्हणजे ते खाली जाणारच," मावशी म्हणाली, आणि तिचं बरोबरच आहे. फळी बदलायची, कुंडी विटेवर उचलून ठेवायची. त्यासाठी अख्खा डेक काढायची गरज नाही.

बाकीच्यांतली एक फळी सोडवून उलटी केली. खालची बाजू अजून पिवळसर तपकिरी, कोरडी. सागाची ही मोठी सोय आहे. फळी पलटायची, वर रंधा मारायचा, तेल द्यायचं, की पुढची काही वर्षं निघाली. विटांच्या ठोकळ्यांवर वाळवीची मातीची नळी चढलेली नाही ना, हे मात्र टॉर्च लावून बघा. जमिनीलगतच्या डेकला बुरशीइतकाच तिचा धोका असतो.

मेहुण्याकडे उलटी गोष्ट. फळ्या दिसायला बऱ्या. पाणी जाण्याच्या जाळीजवळची एक काढली, तर खालच्या पाइपाची वरची बाजू पापुद्र्यांनी सुटत होती आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर बोटाने दाबलं तरी गंज गळत होता. पॉलिश फळीला मारलं जातं, पाइपाला कोण मारतो? त्याहून वाईट म्हणजे सांगाडा हलू नये म्हणून कंत्राटदाराने अँगल थेट स्लॅबला बोल्ट केले होते. प्रत्येक बोल्ट म्हणजे वॉटरप्रूफिंगला पाडलेलं एक भोक. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे आणि सोसायटीचं पत्रही येऊन पडलंय.

इथे फळ्यांची चर्चा संपते. वॉटरप्रूफिंगसाठी डेक उचलायचाच आहे, सांगाडा पुन्हा लावण्याच्या लायकीचा नाही, मग त्यावर जुना पाइन परत ठोकण्यात काही हशील नाही. माझा ठोकताळा साधा आहे. सांगाडा आणि स्लॅब धड असेल तर फळ्यांपुरतं काम करा. सांगाडा गेला असेल किंवा स्लॅब गळत असेल तर सगळं काढा, मग वर काय दिसतंय ते बघू नका. मधली अवस्था एकच: सांगाडा चांगला, पण तीनातली एक फळी गेलेली. तेव्हा फळ्या नव्याच घ्या आणि कुठल्या घ्यायच्या ते पुढचं वाचून ठरवा.

कंपोझिट म्हणजे नेमकं काय

लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक, बहुतेक वेळा एचडीपीई नावाचं कठीण प्लॅस्टिक, एकत्र वितळवून साच्यातून काढलेली फळी. आता गंमत बघा. ठाण्यात कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात 'डब्ल्यूपीसी' मागितलंत तर तुम्हाला हलका, पांढरट बोर्ड दाखवतील. तो पीव्हीसी फोमचा, किचनच्या कपाटांसाठीचा. त्याचा डेकशी काही संबंध नाही. डेकची फळी हातात घेतली की जड लागते. आपल्याला 'डेकिंग'च हवंय हे सांगा, नाहीतर मिस्त्री भलताच माल घेऊन येईल.

डेकिंगमध्येही दोन जाती. जुन्या पद्धतीच्या फळीत भुसा पृष्ठभागापर्यंत उघडा असतो. तो पाणी थोडं का होईना पितो आणि आपल्या हवेत त्यावर काळे ठिपके येतात. नव्या पद्धतीच्या फळीवर प्लॅस्टिकचा सलग थर चढवलेला असतो. ठाण्यात घ्यायचीच तर थरवाली घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे कुठे वाचवा. पोकळ आणि भरीव यांत माझा कौल भरीवला आहे. पोकळ फळीत टोकाने पाणी शिरतं, टोपणं लावली तरी ती कधीतरी निघतातच, आणि साठलेल्या पाण्यात डासांची सोय होते.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर

पावसात कंपोझिट सरळ जिंकतं. कुजत नाही, वाळवी खात नाही, कुसळं निघत नाहीत. सागाला पावसाळ्याआधी आणि नंतर तेलाचा हात हवाच. ज्या घरात हे होणार नाही, तिथे साग घेऊ नये. शेवाळ मात्र दोन्हींवर येतं. 'मेंटेनन्स फ्री' म्हणून विकतात ते अर्धसत्य आहे: घासणं चुकत नाही, तेल-पॉलिश तेवढं वाचतं. घरात आजी-आजोबा असतील तर घसरण्याचा प्रश्न लाकडाइतकाच कंपोझिटवरही आहे.

उन्हात बाजी पालटते. एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाच्या कंपोझिटवर अनवाणी पाय टेकवत नाही. साग त्यामानाने सुसह्य राहतो. पश्चिमेचं ऊन घेणारा टेरेस असेल, वर छप्पर नसेल आणि पापड-कुरडया वाळवायला तिथेच बसायचं असेल, तर फिकट राखाडी किंवा वाळूच्या रंगाची फळी घ्या. कॅटलॉगमधली ती गडद चॉकलेटी सगळ्यांनाच आवडते, आणि तीच सगळ्यात तापते.

दिवाळीचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. भुईचक्र किंवा फुलबाजीची काडी सागावर पडली तर काळा डाग पडतो; सँडपेपरने जातो. कंपोझिटचा वरचा थर वितळतो आणि तो खड्डा कायमचा. थरवाल्या फळीवर सँडपेपर चालवायचाच नसतो. पणतीचं तेल आणि रंगपंचमीचा रंग याबाबतीत मात्र कंपोझिट बरं, वेळेवर पुसलं तर निघतं. साग दोन्ही पिऊन टाकतो.

दुरुस्तीत सागच पुढे. एक फळी खराब झाली तर वखारीतून तुकडा आणून सुतार दुपारी बसवून जातो. कंपोझिटची तीच छटा, तोच साचा पाच वर्षांनी मिळेलच याची हमी नाही. म्हणून घेतानाच दोन-चार फळ्या जास्त घेऊन माळ्यावर टाका.

पर्यावरणाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी ताणला जातो. कंपोझिटमध्ये बऱ्याचदा पुनर्वापराचं प्लॅस्टिक असतं, हे खरं. पण लाकूड आणि प्लॅस्टिक एकदा एकत्र वितळलं की आयुष्य संपल्यावर ते वेगळं करणं अवघड. सागाची जुनी फळी मात्र टेबल होते, पाट होते, झोपाळा होते.

आणि नवा साग घ्यायचा असेल तर 'बर्मा टीक' या शब्दावर भुलू नका. म्यानमारने २०१४ सालीच ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारात आज त्या नावाने जे मिळतं, त्यातलं बरंच आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचं असतं. लागवडीचा कोवळा साग वाईट असतो असं नाही, पण त्यात सालीकडचं पांढरट लाकूड जास्त निघतं आणि ते कुजायला वेळ लावत नाही. फळीच्या कडेला पांढरा पट्टा दिसला तर ती बाजूला काढायला सांगा. आपल्याकडचा चंद्रपूर-बल्लारशाचा साग, ज्याला वखारीत अजून 'सीपी' म्हणतात, डेकला उत्तम चालतो. फक्त गाभ्याचा हवा.

"नुसत्या फळ्या बदला" ही सगळ्यात महागडी सूचना

मेहुण्याचं पहिलं वाक्य हेच होतं, "भावोजी, सांगाडा राहू दे, वरच्या फळ्या तेवढ्या कंपोझिटच्या टाकू." त्याचा सांगाडा चांगला असता तरी हे सरळ जमलं नसतं. इंचभर जाडीची लाकडी फळी खालच्या आधारांमध्ये दीड-दोन फूट अंतर असलं तरी तग धरते. कंपोझिट लवचीक असतं, उन्हात आणखी मऊ पडतं, आणि कंपन्या साधारण १२ ते १६ इंचांवर आधार मागतात. जुन्या सांगाड्यावर तसंच ठोकलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात फळ्यांना पोट येतं. म्हणजे मध्ये नवे पाइप टाकणं आलंच.

दुसरं, फळी उन्हात लांब होते. ३ मीटरच्या फळीत थंड पहाट आणि तापलेली दुपार यांत साधारण ३-४ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. टोकाला फट न सोडता दोन फळ्या भिडवल्या की त्या वर उचलल्या जातात. आपल्या सुताराला हे पटवणं कठीण, कारण लाकूडकामात घट्ट बसवणं हीच त्याची शान. कंपनीचं माहितीपत्रक त्याच्यासमोर उघडा आणि काम चालू असताना फट मोजा.

तिसरं, लोखंड. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, बेलापूर, म्हणजे खाडीची खारी हवा लागणारी सगळीच वस्ती. साधे काळे स्क्रू तिथे टिकत नाहीत, आणि सागातल्या टॅनिनशी लोखंडाचा संबंध आला की काळे ओघळ उतरतात. स्टेनलेसमध्ये ३०४ ग्रेड खाडीपासून दूर चालतं, खाडीकाठी ३१६ ग्रेडचं घ्या. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या, पाइपाचा असेल तर वेल्डिंगच्या जागी झिंक जळून गेलेलं असतं. तिथे झिंकचा रंग मारल्याशिवाय वर फळी चढू देऊ नका. टेरेसवर ॲल्युमिनियमचा सांगाडा महाग पडतो, पण स्लॅबवर हलका बसतो आणि गंजत नाही.

स्लॅबला भोक मात्र पाडायचं नाही. उंची कमी-जास्त करता येणारे प्लॅस्टिकचे पाय मिळतात, त्यावर सांगाडा मोकळा ठेवायचा. उंच इमारतीत वाऱ्याने उचलला जाऊ नये म्हणून तो चारही कडांना आपसात बांधलेला हवा.

कोटेशन आणि मुहूर्त

कोटेशन चौरस फुटाच्या एका आकड्यात घेऊ नका. फळ्या, सांगाडा, जुनं काढून खाली उतरवण्याची मजुरी आणि वॉटरप्रूफिंग, असे चार वेगळे आकडे मागा. फळीचा हिशोब घरीच करता येतो. १४० मिलिमीटर रुंदीची फळी आणि ५ मिलिमीटर फट धरली तर एका चौरस फुटाला साधारण २.१ रनिंग फूट फळी लागते. १५० चौरस फुटांच्या टेरेसला ३१५ फूट. त्यावर तोडमोडीचे आठ-दहा टक्के धरा. कंत्राटदाराचा आकडा याच्या फार वर गेला तर का ते विचारा.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. मे महिन्यात निम्मे कारागीर गावी असतात, आणि जूनच्या तोंडावर घाईत केलेल्या वॉटरप्रूफिंगवर माझा विश्वास नाही. डेक चढवण्याआधी टेरेसवर किमान २४ तास, जमल्यास ४८ तास, पाणी भरून ठेवा आणि खालच्या फ्लॅटवाल्यांना छत बघायला सांगा. एकदा डेक बसला की हे पुन्हा होणे नाही.

तर मेहुण्याकडे: वॉटरप्रूफिंग, ॲल्युमिनियमचा सांगाडा, फिकट राखाडी थरवालं भरीव कंपोझिट. दोघं नोकरी करणारे, वर्षातून दोनदा तेल द्यायला कुणाला वेळ नाही, तेव्हा साग तिथे सुचवण्यात अर्थच नव्हता. मावशीकडे: तुळशीखालची फळी नवी, बाकीच्या पलटून, रंधा आणि तेल. चार-पाच वर्षांनी बत्ते पुन्हा तपासायचे. ते गेले, तर त्या वेळी कंपोझिटचा विचार करू.

एक राहिलं. मेहुण्याच्या पाइनला तुटलेल्या टोकाशी हिरवट छटा आहे. तो औषध मुरवलेला पाइन असावा. अशा औषधांत तांबं आणि जुन्या प्रकारात आर्सेनिकही असतं. काम निघणार शिमग्याच्या सुमारास, आणि सोसायटीची पोरं होळीसाठी लाकडं मागायला येणारच. त्यांना यातली एकही फळी देऊ नका, आणि बंबातही घालू नका. कंत्राटदाराच्या डेब्रिजबरोबर पाठवा.