रात्रीच्या सामन्यांची बेसबॉल कार्डं: नऊ महिने जमवल्यानंतरचा अनुभव

शिकागोजवळ राहायला येऊन बारा वर्षं झाली, पण बेसबॉलची कार्डं, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेले पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, हातात घेतली ती गेल्या सप्टेंबरात. लहानपणी सांगलीत काडेपेटीचे छाप जमवायचो, पुढे बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं. त्यामुळे जमवायची हौस अंगात होतीच. इथला पसारा मात्र इतका अफाट आहे की काय घ्यायचं हे आधी ठरवलं नाही, तर पैसा आणि कपाट दोन्ही कमी पडतात. म्हणून मी एकच नियम केला: ज्या कार्डावरचा फोटो रात्रीच्या सामन्यात, प्रकाशझोतात काढलेला आहे तेवढंच घ्यायचं. खेळाडू कोण, कार्ड किती दुर्मीळ, बाजारात भाव काय, यातलं काही बघायचं नाही. आज अल्बममध्ये २१४ कार्डं आहेत. त्यातली निम्म्याहून अधिक प्रदर्शनांत टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यांतून, पाव ते एक डॉलरला मिळाली.

फोटो रात्रीचा आहे हे ओळखायचं कसं, हे शिकण्यातच पहिले दोन महिने गेले, आणि सगळ्यात जास्त आनंदही त्यातच मिळाला. काळं आकाश दिसलं की काम सोपं, पण बहुतेक कार्डांवर आकाश नसतंच. तिथे पायाशी बघायचं. उन्हात खेळाडूला एकच ठळक सावली असते. रात्री मैदानाभोवतीच्या प्रत्येक मनोऱ्यावरून उजेड येतो, म्हणून बुटांभोवती तीन-चार फिकट सावल्या पाकळ्यांसारख्या पसरतात. ही खूण आधी माझ्या मुलीच्या लक्षात आली. "बाबा, याला चार सावल्या आहेत!" म्हणाली, आणि मी नाकारून बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यातून तिने सात कार्डं परत काढून दिली.

दुसरी खूण हेल्मेटवर. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून फलंदाजाच्या हेल्मेटचा वरचा भाग बघा. दिवसा तिथे एक पांढरा डाग असतो. रात्री त्याच जागी दिव्यांची अख्खी चौकट दिसते, बारीक ठिपक्यांच्या रांगाच रांगा. माझ्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या एका कार्डावर त्या रांगा मोजता येतात. नखाएवढ्या जागेत आख्खा मनोरा उमटलेला बघितला, तेव्हा भिंगाचे पंधरा डॉलर वसूल झाले.

फसवणारी कार्डंही खूप. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, सिॲटलचं किंगडोम, मिनियापोलिसचं मेट्रोडोम ही छताखालची मैदानं. तिथे भर दुपारीही दिवेच लागायचे. मी अशी कार्डं घेत नाही. काही जमवणारे घेतात, पण मला रात्रीची मोकळी हवा हवी आहे, नुसता दिव्यांचा उजेड नको.

जुन्या काळात रात्रीचे फोटो इतके कमी का, हेही हळूहळू कळत गेलं. मोठ्या लीगमधला पहिला रात्रीचा सामना २४ मे १९३५ रोजी सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली, ६३२ दिवे लागले आणि सिनसिनाटीच्या रेड्स संघाने फिलाडेल्फियाच्या फिलीजना २-१ असं हरवलं. मंदीचे दिवस होते. दिवसा कामावर असलेला माणूस संध्याकाळी तरी मैदानावर येईल, हा त्यामागचा सरळ हिशेब. त्या वर्षी रेड्सना असे सातच सामने खेळायची परवानगी होती. पुढे दिवे जवळजवळ सगळीकडे आले, कार्डांवर मात्र ऊनच राहिलं. रंगीत फिल्म फार संथ होती, तिला भरपूर उजेड लागायचा. त्यामुळे छायाचित्रकार वसंतातल्या सराव शिबिरात सकाळीच जाऊन खेळाडूंना बॅट घेऊन उभं करत. टॉप्स ही कार्डं छापणारी कंपनी; तिच्या दरवर्षीच्या नेहमीच्या सेटमध्ये (मालिकेत) खेळाडूंच्या कार्डांवर प्रत्यक्ष खेळतानाचे फोटो यायला १९७१ साल उजाडलं. त्या सेटची किनार काळी आहे, दिसायला देखणी, पण कोपरा जरा घासला की खालचा पांढरा पुठ्ठा उघडा पडतो. अशी कार्डं हाताळताना मी अजूनही श्वास रोखून धरतो.

वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला रात्रीचा सामनाही १९७१ चाच: १३ ऑक्टोबर, पिट्सबर्ग, मालिकेतला चौथा. पिट्सबर्गच्या पायरेट्सनी बाल्टिमोरच्या ओरिओल्सना ४-३ असं हरवलं. टॉप्सच्या १९७२ च्या सेटमध्ये त्या मालिकेतल्या प्रत्येक सामन्याचं कार्ड आहे, आणि चौथ्या सामन्याच्या कार्डावर पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे आहे. माझं कार्ड मध्ये दुमडलेलं, कोपरे गोल झालेले. अल्बमचा पहिला कप्पा त्याचाच.

शिकागोत राहून हा छंद केला की एक वेगळीच गंमत हाती लागते. इथल्या कब्स संघाच्या घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, दिवे आले ते सगळ्यांत शेवटी, १९८८ मध्ये. ८ ऑगस्टला पहिला सामना सुरू झाला, फिलीजच्या फिल ब्रॅडलीने सुरुवातीलाच होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला, पण साडेतीन डावांनंतर पावसाने सगळं धुऊन नेलं आणि तो होम रन नोंदीतूनही गेला. अधिकृत पहिला सामना दुसऱ्या दिवशी झाला, कब्सनी न्यूयॉर्कच्या मेट्सना ६-४ असं हरवलं. म्हणजे कब्सचा खेळाडू घरच्या पांढऱ्या गणवेशात, रिग्लीवर, रात्री खेळताना दिसतो असं कार्ड १९८९ च्या सेट्सच्या आधी शोधण्यात अर्थच नाही. अर्नी बँक्स १९५३ ते १९७१ कब्सकडूनच खेळला. घरच्या मैदानावर रात्री खेळणं त्याच्या वाट्याला आलंच नाही, हे अल्बम लावताना मनाला लागलं.

आता वापरातल्या वस्तूंबद्दल. नऊ कप्प्यांची पानं पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी स्वस्त पडतं, पण काही वर्षांत कार्डाला चिकटतं. बाइंडर आधी गोल कड्यांचा घेतला होता. त्यात पानं फुगून आतल्या रांगेतली कार्डं वाकू लागली. डी आकाराच्या कड्यांचा घेतल्यापासून पानं सपाट बसतात. प्रत्येक कार्ड आधी पेनी स्लीव्ह नावाच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग कप्प्यात. रात्रीच्या फोटोत काळा भाग जास्त, त्यावर बोटाचा ठसा लगेच उठतो, म्हणून हे आवश्यकच आहे. टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकची पाकिटं, मी फक्त टपालासाठी ठेवलेत.

मनस्ताप दोनदा झाला. नव्वदच्या सुरुवातीच्या एका चकचकीत सेटचं न उघडलेलं खोकं हौसेने घेतलं. आतली कार्डं तीस वर्षांत एकमेकांना चिकटून वीट झालेली. सोडवताना कित्येकांच्या तोंडावरची शाई शेजारच्या पाठीवर गेली. दुसऱ्यांदा ऑनलाइन घेतलेल्या अकरा कार्डांपैकी चार चक्क दिवसाची निघाली. विकणाऱ्याने स्कॅन इतका गडद केला होता की सावलीतले प्रेक्षक मला रात्रीचे वाटले. तेव्हापासून मी खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो मागतो. मिळाला नाही तर घेत नाही.

नव्या कार्डांत टॉप्सचाच स्टेडियम क्लब हा सेट माझा सगळ्यांत आवडता. १९९१ मध्ये तो सेट आला तेव्हापासून फोटो कडेपर्यंत पसरलेला, किनार नाहीच; २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावरही फोटोंची निवड तशीच जीव लावून केलेली. रात्रीचा काळोख कार्डाच्या कडेशी संपतो, हे बघायला फार छान वाटतं. टॉप्स नाऊ ही त्याच कंपनीची ताज्या घटनांवरची कार्डं २०१६ पासून आहेत. काल रात्री काही घडलं की आज त्याचं कार्ड, विक्री ठरावीक वेळच, मग किती छापली तो आकडा जाहीर. माझ्या नियमाला ते अगदी चपखल बसतं, पण एकेका कार्डाच्या किमतीत खोक्यातली दहा जुनी येतात, म्हणून वर्षाला पाचच घ्यायची असं ठरवलंय. इतर बऱ्याच नव्या सेट्समध्ये मागचं मैदान पुसून धूर नि रंगांचे फवारे भरतात. ते मला बघवत नाही. रात्र होती तर रात्र दिसू द्या.

उजेडाचा रंगही बदलत आलाय. जुने मेटल हलाइड दिवे सेकंदाला १२० वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे कुठे गवत हिरवट-निळं, कुठे सदरा पिवळट. २०१५ मध्ये सिॲटलच्या मैदानावर एलईडी आले, मग बाकीची मैदानंही वळली. अल्बममध्ये मी आता सालाप्रमाणे न लावता उजेडाप्रमाणे पानं लावतोय: पिवळी आधी, हिरवट मध्ये, स्वच्छ पांढरी शेवटी. अजून पंचवीसेक कार्डांची जागा ठरायची आहे. रविवारी जेवणं झाली की मुलगी भिंग घेऊन बसते, आणि आमचा वाद बहुतेक वेळा हिरवटावरून होतो.